जिंदगीभराचं वेल्डिंग

श्रावण लागला की बायांना माहेर आठवतं म्हणतात. मला वेल्डिंगचा वास आठवतो. जळक्या लोखंडाचा, नाकात चढून बसणारा. आणि तो आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदाही गेली. काल सकाळी पांदणीच्या तोंडाशी गाडी उभी करून चेनवरचा चिखल काडीनं खरवडत होते. वरून भुरभुर चालू होती. कुणाच्या तरी वावरात फवारणीचा पंप घरघरत होता. तेवढ्यात चौकाकडून तो वास आला. कुणी डवऱ्याची, म्हणजे कोळप्याची, पास जोडून घेत असेल, दुसरं काय. पण मी जागच्या जागी लालबुंद. कमल माझ्याकडे बघून हसायला लागली. कमल म्हणजे आमच्या बागेत निंदायला येणाऱ्या बायांची म्होरकी. ती कधी काय बोलेल याचा नेम नाही.

"बाई, आता कायले तापून राहिल्या? मागच्या सालचं मागच्या साली गेलं ना."

गेलं म्हणे! काही जात नाही. लोखंडावर मारलेलं वेल्डिंग जात नाही, तर मनावरचं काय जाईल.

आमची संत्र्याची बाग अकोट-अंजनगाव पट्ट्यात, सातपुडा जिथून निळा दिसतो त्या बाजूला. गावापासून बागेपर्यंत पांदण आहे. दोन्हीकडच्या वावरांमधून जाणारी जुनी बंडीवाट, बैलगाडीची. उन्हाळ्यात तिथून झोपेतही चालता येतं. पाऊस पडला की ती वाट राहत नाही, काळ्या मातीचं पीठ मळून ठेवलेलं असतं. पाय टाकला की चप्पल आत, पाय बाहेर. फटफटी दोन चाकांमध्ये चिखल भरून जागेवर उभी राहते, खाली स्टँडसुद्धा लावायची गरज नाही. ट्रॅक्टर जातो, पण तो गेल्यावर मागे जी चाकोरी पडते तिच्यात नंतर माणूस बुडतं. आणि माझे गुडघे असे की सपाट फरशीवर चालतानासुद्धा ते माझ्याशी भांडतात. डॉक्टर म्हणाला, चिखलात पाय टाकायचा नाही. डॉक्टरला काय जातं सांगायला, त्याची बाग दवाखान्यातच आहे.

म्हणून ती चारचाकी फटफटी. जाड फुगलेल्या चाकांची, हँडलवाली. चिखलदऱ्याला कुणीतरी पर्यटकांना चक्कर मारायला ठेवली होती, त्याचा धंदा बसला, मी ती जुनी उचलली. गावात आणली तेव्हा पारावरची माणसं अशी हसली, जणू मी हत्ती घेऊन आले. "काकूचा रणगाडा" म्हणायला लागली. म्हणा. पहिल्या पावसाळ्यात सगळ्यांच्या गाड्या चिखलात फसल्या आणि माझा रणगाडा संत्र्याच्या कलमांचे गठ्ठे घेऊन आरामात बागेत गेला, तेव्हा हसणारेच "काकू, आमचंही खताचं पोतं घेता काय?" म्हणत आले.

ही बाग माझी आहे. सातबाऱ्यावर तर आहेच, पण मी त्या अर्थानं म्हणत नाही. माझ्या बाबांनी भावांसोबत मलाही जमीन दिली, आमच्या नात्यात तेव्हा हे ऐकून लोकांनी कान टवकारले होते. त्या जमिनीत प्रत्येक झाडाचा खड्डा मी उभी राहून खणून घेतला. कुठल्या झाडाखाली पाणी साचतं, कुठल्याला डिंक्या लागतो, कोणत्या झाडाचं फळ आधी पिवळं पडून गळतं, हे मला माझ्या हाताच्या बोटांसारखं माहीत आहे. श्रावण-भादव्यात संत्र्याला रोज बघावं लागतं. मुळाशी पाणी थांबलं की झाड गुपचूप सडायला लागतं आणि फळ टपटप गळतं. एक दिवस नाही गेलं तर झाड काही बोलत नाही, महिन्याभरानं हिशेब देतं. म्हणजे बागेत पोचता येणं हीच सगळी गोष्ट. नाही पोचले तर बाग गेली.

आता आमच्या "ह्यां"बद्दल. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून कुणालाही वाटेल की आहे. आयुष्यभर जिनिंगमध्ये सुपरवायझर होते. कापसाच्या हंगामात यंत्र थांबलं की मालक बोंब मारायचा, म्हणून तिथं एकच मंत्र: तुटलं की जोड, हललं की वेल्डिंग मार, पण थांबवू नको. रिटायर झाले आणि तो मंत्र घरी घेऊन आले. माकडं येतात म्हणून स्वयंपाकघराची खिडकी वेल्डिंग मारून कायमची बंद. आता धूर झाला की मी आणि माकडं दोघंही बाहेर. नळ गळतो म्हणून त्यावर असा काही लांबी-मसाला थापला की तो नळ आता ना गळतो, ना उघडतो. अंगणातल्या झोपाळ्याच्या कड्या सिमेंटात गाडल्या आणि नेमका झोपाळा तिरका बसला. प्रत्येक वेळी हात झाडत एकच वाक्य, "पक्कं करून टाकलं. आता जिंदगीभर नाही हालत."

आणि माझी सायकल. तिची गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझा राग तिथून सुरू होतो. मी बी.ए. अमरावतीला केलं. होस्टेलवरून कॉलेजला सायकलनं जायची. लेडीज सायकल, हिरवी, पुढं जाळीची टोपली. राजापेठच्या चढावर पायडल मारताना जे दम लागायचं सुख होतं, ते मला नंतर कशातच मिळालं नाही. लग्न झालं तेव्हा ती सायकल मी हट्टानं सोबत आणली. इथं आल्यावर ती गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली. सुनेनं सायकल चालवणं तेव्हा बसत नव्हतं, ठीक आहे, मीही गप्प बसले. एकदा माहेरून परत आले तर स्वयंपाकघरात नवी तिवई, तिच्यावर पाण्याचा माठ. हिरव्या नळीची. वळवून, कापून, वेल्डिंग मारून केलेली. हे कौतुकानं म्हणाले, "पडूनच होती ना. तुले माठ ठेवाले सोय झाली."

ती तिवई अजून आहे. मी रोज तिच्यावरच्या माठातलं पाणी पिते. पक्की आहे हो, जिंदगीभर नाही हालत.

मागच्या श्रावणात गाडीचं मागचं दातेरी चाक गेलं. गॅरेजवाले स्पॉकेट म्हणतात. चेन त्याच्यावरून फिरते आणि ते मागचा एक्सल फिरवतं, मग चाकं फिरतात, एवढंच. पण काळी माती चेनमध्ये शिरून कानशीसारखी घासते. दाते झिजून एका बाजूला वाकले, मांजराच्या नखांसारखे झाले. चढ आला की चेन दात सोडायची आणि खालून कट-कट आवाज यायचा. मी अकोल्याच्या पार्टच्या दुकानात फोन करून नवं स्पॉकेट सांगून ठेवलं. दुकानदार म्हणाला, बाहेरून येईल, वेळ लागेल. लागू दे. तोवर पाऊसही उघडला होता. मधल्या दिवसांत मी पुतणीच्या साखरपुड्याला अमरावतीला गेले.

परत आले तर गाडी अंगणात धुऊन-पुसून उभी. हे ओसरीवर बसलेले, चेहऱ्यावर तोच आनंद. मी वाकून खाली बघितलं. झिजलेल्या प्रत्येक दात्यावर वेल्डिंगचे फुगे चढवून, कानस मारून नवे दाते केलेले. हे मी एकवेळ गिळलं असतं. पण एक्सलवर ज्या हबमध्ये ते स्पॉकेट बसतं, तो हबच एक्सलला चहूबाजूंनी वेल्डिंग मारून जाम केलेला.

"हे काहून केलं?"

"जरासं हालत होतं ना थे. मीनं म्हटलं एकदाचं पक्कं करून टाकू. आता जिंदगीभर..."

"नवं स्पॉकेट येऊन राहिलं ना! आता थे बसवायचं कुठं? माझ्या डोक्यावर?"

"अवं, पण आता नव्याची गरजच काय आहे?"

बघा. माझी गरजसुद्धा यांनी वेल्डिंग मारून बंद केली होती. चार बोल्ट काढून चार बोल्ट बसवायचं काम. त्याचं असं करून ठेवलं की आता स्पॉकेट बदलायचं तर अख्खा एक्सल बदलावा लागणार. नखाला दुखलं म्हणून हात प्लॅस्टरात! मी तडक चौकात गेले. पुंडलिक वेल्डिंगवाला काळा चष्मा कपाळावर चढवून बसला होता. मला बघताच उभा राहिला.

"काकू, मीनं भाऊले म्हटलं होतं, गाडी काकूची आहे, एकदा काकूले इचारा. भाऊ म्हने, घरचीच गोष्ट आहे, तू मार."

म्हणजे चौकातल्या वेल्डिंगवाल्याला कळलं होतं की विचारायला पाहिजे. घरातल्या माणसाला नाही कळलं. याच्यावर माणसानं हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही, पुंडलिकवरच खेकसले, बिचारा.

वेल्डिंगनं लोखंड जोडलं जातं, पण त्याच्या शेजारचं लोखंड कडक होऊन बसतं. लवचिकपणा जातो. तडा पडतो तो जोडावर नाही, जोडाच्या शेजारी. हे मला नंतर कळलं, पांदणीत, चिखलात बसून. जोराचा पाऊस होऊन गेला होता. मागे खताचं अर्धं पोतं. नाल्याजवळच्या खोलगट जागी मी गाडीला जरा जोर दिला आणि खालून बंदुकीसारखा आवाज आला. मागचं एक चाक एक्सलच्या तुकड्यासकट बाहेर निघून बाभळीकडे आडवं झालं. गाडी त्या कुशीवर बसली आणि मी हळूच, अगदी सावकाश, चिखलात घसरले. लागलं काहीच नाही. पण उठता येईना. हात टेकावा तर हात आत. गुडघे म्हणजे गुडघेच. मी तिथं फतकल मारून बसले आणि मोठ्यानं शिव्या दिल्या. कुणाला ते सांगत नाही. शिव्या ऐकूनच कमल आणि बाया शेजारच्या वावरातून धावत आल्या. "अवं माय! बाई सत्यनारायणाले बसल्यावानी बसल्या पाहा!" म्हणत त्यांनी मला ओढून काढलं. हसत होत्या मेल्या, पण कमलनं घरापर्यंत माझा दंड सोडला नाही.

घरी आले ती कमरेपर्यंत काळी. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं माझं. म्हणाले काय?

"बस झालं. हाडं मोडली असती म्हणजे? बाग ठोक्यानं देऊन टाकू. थो अचलपूरचा व्यापारी कधीचा मागून राहिला. मी बोलतो त्याच्याशी."

आणि बोललेसुद्धा! मी आंघोळ करून येईपर्यंत फोन झाला होता. बाग काही वर्षांसाठी त्या व्यापाऱ्याला. पोळ्याच्या दिवशी तो येणार, बाग बघणार, नारळ फोडून सौदा पक्का. आमच्याकडे एकदा नारळ फुटला की माणूस मागं फिरत नाही, फिरला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. माझ्या डोक्यात एकदम तो पुंडलिकचा निळा-पांढरा उजेड चमकला. माझ्या बागेला वेल्डिंग बसणार होतं.

ठोक्यानं दिलेल्या बागा मी बघितल्या आहेत. ठोकेदार वाईट नसतो, पण त्याला फळ हवं असतं, झाड नको असतं. चर काढत नाही, वाळक्या फांद्यांची सल काढत नाही, मिळेल तितकं ओरबाडतो आणि मुदत संपली की वाळलेल्या फांद्यांचं रान परत देतो. माझं वय बघता परत मिळालेल्या त्या रानाचं मी काय करणार होते? हे मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्यासाठीच करून राहिलो ना." हे वाक्य असं आहे की याच्यापुढं बाईमाणसानं नुसतं भिंतीवर डोकं आपटावं. मी आपटलं नाही. तुटलेल्या एक्सलचा वेल्डिंगवाला तुकडा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि अकोल्याची बस धरली.

कंडक्टरनं मांडीवरचं गाठोडं बघून विचारलं, "काय आहे मावशी, लेकरू?" मी म्हटलं, "हाव, मेलं आहे." तो पुढं काही बोलला नाही. शेजारची बाई दोन सीट सोडून मागं जाऊन बसली. बाहेर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नुकती पात्यावर आली होती, सोयाबीन गच्च हिरवं, सगळ्या जगाचं छान चाललेलं. मांडीवरचं लोखंड थंडगार होतं आणि बस खड्ड्यात गेली की माझ्या गुडघ्यावर आदळत होतं.

दुकानात गेले तर काउंटरमागचा माणूस माझ्याशी बोलेचना. मी विचारलं की उत्तर माझ्या मागं उभ्या असलेल्या गृहस्थाला. "यांना एक्सल कोणता पाहिजे?" तो गृहस्थ बिचारा आपल्या स्कूटरची केबल घ्यायला आलेला, तो म्हणे, "मले काय माहीत?" मग फर्मान निघालं, "घरी कोणी माणूस असंल तर त्याच्याशी बोलणं करून द्या." मी लुगड्यातला तुकडा काढून त्याच्या काचेवर धाडकन ठेवला. काच वाचली, नशीब. "हे पाहा, माणसानंच केलं आहे. आता बाईशी बोला." मग मात्र त्यानं माप घेतलं. एक्सलच्या टोकाच्या खाचा मोजल्या, कॅटलॉग काढला. एक्सल, हब, दोन्हीकडची बेअरिंगं, त्यांची सीलं, मोठे नट. स्पॉकेट तर येऊनच पडलं होतं. बाकीचं पोळ्याच्या आधी यायला हवं, असं मी त्याला इतक्यांदा फोन करून सांगितलं की शेवटी तो माझा आवाज ऐकला की आधीच "निघालं काकू, निघालं" म्हणायचा.

ते आलं तेव्हा पोळा तोंडावर आला होता. मधल्या काळात मी बागेत एकदाच जाऊ शकले, ट्रॅक्टरवर उभी राहून, आणि त्या एकदाच जाण्यात कडेच्या ओळीत पाणी थांबलेलं, फळांचा सडा पडलेला बघून आले. जेवण गेलं नाही त्या दिवशी. हे समोर बसून शांतपणे वरणभात कालवत होते. माणसाला भाताचा राग येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

काम मी स्वतःच केलं, रिकाम्या गोठ्यात. बैल विकल्याला किती पोळे झाले, पण गोठ्याला अजून बैलांचा वास आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. कुठल्या तरी परदेशी भाषेत बोलणारा माणूस, मला त्याचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हात कळत होते. गाडीखाली ठोकळे लावले. चाकांच्या नटांच्या पिना काढल्या, चाकं काढली, चेनचं लॉक उघडलं. तुटका एक्सल लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून ठोकून बाहेर काढला, त्याच्यासोबत वेल्डिंगचा उरलेला गड्डाही. बेअरिंगमधून गोळ्यांऐवजी गंजाचा भुगा निघाला. कमल दुपारी मदतीला यायची. हातोडा तिला फार आवडला. "याच्यावर कोणाचं तोंड समजून मारू, बाई?" विचारायची. मी म्हणायची, "तुझ्या मनात येईल त्याचं मार, मी माझ्या मनातल्याचं मारून राहिली." मग आम्ही दोघी इतक्या हसायचो की हे ओसरीवरून "काय झालं?" विचारायचे. काही नाही, म्हणायचो.

नवा एक्सल नळीतून आत सरकला तेव्हा ग्रीसमुळे त्याचा आवाजच झाला नाही. असं सुखानं आत जाणारं लोखंड मी कधी बघितलं नव्हतं. हब खाचांवर बसला. स्पॉकेटचे चार बोल्ट आवळले. टोकदार, सरळ, एकसारखे दाते. मी त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. राजापेठचा चढ आठवला असेल.

मग राहिले ते दोन मोठे नट. एक्सल जागेवर धरून ठेवायला एकाशेजारी एक असे दोन नट असतात. पहिला आवळायचा, मग दुसरा त्याच्यावर आणायचा, आणि मग दोघांना दोन पाने लावून एकमेकांविरुद्ध ओढायचं. दोघे एकमेकांना असे रेटून धरतात की कितीही हादरे बसोत, ढिले होत नाहीत. आणि पुन्हा काढायचं म्हटलं की निघतात. याला दोन माणसं लागतात. आणि ती पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती, कमल पुरणाची डाळ निवडायला घरी निघून गेलेली.

तेवढ्यात हे गोठ्यात आले. हातात वाटी, वाटीत हळद कालवलेलं तूप, आणि पळसाचं पान. खांदशेकणीची वेळ. बैल होते तेव्हा त्यांच्या खांद्यांना तूप-हळद लावून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचे. बैल गेले तरी ह्यांचा हात ऐकत नाही; कधी बंडीच्या जुन्या जुवाला लावतात, कधी फवारणीच्या पंपाला. त्यांनी उघड्या एक्सलकडे बघितलं, नटांकडे बघितलं, आणि म्हणाले,

"एवढी मेहनत घेऊन राहिली. याच्यापेक्षा इथं वेल्डिंगचा एक टाका मारला असता तर..."

झालं. माझ्या हातात मोठा पाना होता, देवाची कृपा की तो हातातच राहिला.

"एक टाका? अजून एक टाका? खिडकीले मारला, नळाले मारला, माझ्या सायकलची तिवई केली! माझी सायकल होती थे! मीनं कधी म्हटलं का तुमाले, मले माठ ठेवाले जागा नाही? गाडीले मारला, मी चिखलात पडली. आता बागेले मारून राहिले. तुमी जन्मात एकदा तरी मले इचारलं काय, का हे करू काय म्हणून? पक्कं, पक्कं, पक्कं! जे उघडताच येत नाही थे पक्कं नसते, थे मेलेलं असते!"

शेजारची म्हैस रेकायची थांबली, इतका आवाज चढला होता. हे वाटी घेऊन उभे. मग हळू म्हणाले, "मले वाटलं, तुले बरं पडंन."

"तो पाना धरा," मी म्हटलं. "तुमी तुमच्याकडे ओढा. मी माझ्याकडे."

त्यांनी वाटी गव्हाणीच्या कडेवर ठेवली आणि पाना धरला. आम्ही ओढलं. म्हाताऱ्या मनगटांत होता नव्हता तो सगळा जोर. माझ्या बाजूच्या जोरात तर लग्नापासूनचा राग होता, त्यांना दोन्ही पाय रोवून उभं राहावं लागलं. नट एकमेकांवर करकचून बसले. मग त्यांनी वाटी उचलली आणि चेनकडे वळले. मी ओरडले, "चेनले तूप लागलं तर माती चिकटंन!" त्यांचा हात थबकला. हँडलच्या दोन्ही मुठींना त्यांनी पळसाच्या पानानं तूप-हळद लावली आणि पुटपुटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळीच पुरण वाटून ठेवलं आणि गाडी काढली. मुठी पिवळ्या आणि निसरड्या. पांदणीत नाल्याजवळच्या त्या जागी आले आणि मुठी घट्ट धरल्या. जोर दिला. मागची चाकं चिखलात गरगरली, धरली, आणि गाडी खालून एकही कट न करता वर आली. मी एकटीच मोठ्यानं "हट्!" म्हणाले, बैलाला म्हणतात तसं. बागेत पाणी साचलेल्या ओळीचा चर फोडला, पाणी खळखळत नाल्याकडे निघालं. गळलेली, सडलेली फळं एका जागी करत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला.

"व्यापारी आले आहेत. आमी पांदणीच्या तोंडाशी आहो. गाडी पुढं जात नाही."

"कशी जाईल? थांबा. येते."

पांदणीच्या तोंडाशी पांढरी मोठी गाडी, पुढची चाकं चिखलात. व्यापारी इस्त्रीच्या कपड्यांत, बुटांना चिखल लागू नये म्हणून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एका पायावर तोल सांभाळत उभा. शेजारी हे, सणाचं नवं धोतर, हातात पिशवी, पिशवीत नारळ. मी त्यांच्यासमोर गाडी थांबवली. उतरले नाही.

"बाग द्यायची नाही," मी व्यापाऱ्याला म्हटलं.

तो माझ्याकडे बघेचना. अकोल्याच्या दुकानदाराचा भाऊच जणू. ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, शब्द होता तुमचा. सणासुदीचं बोलावून हे काय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता बोला. तुमचा शब्द मी तोडणार नाही, तुमचा तुम्ही तोडा. ह्यांनी माझ्या चाकांकडे बघितलं, चिखलानं भरलेल्या, पण सरळ उभ्या. मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले,

"शब्द माझा होता. बाग तिची आहे. मीनं तिले इचारलंच नव्हतं."

व्यापाऱ्यानं बरंच काही ऐकवलं. ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, एकदाही "पण" म्हटलं नाही. गाडी मागं घेताना त्याची चाकं फसली, तेव्हा माझ्याच रणगाड्याला दोर बांधून मी त्याला ओढून काढलं. आभार त्यानं ह्यांचे मानले. जाऊ द्या.

मग पांदणीत आम्ही दोघंच उरलो. गावाकडून पोळ्याच्या तोरणाकडे निघालेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. ह्यांनी पिशवीतून नारळ काढला. सौद्यासाठी आणलेला. तो या हातातून त्या हातात केला. माझ्या पुढच्या चाकाजवळ एक दगड होता, त्याच्याकडे बघितलं. सवयीनं हात वर गेला. आणि मध्येच थांबला.

"फोडू काय?" त्यांनी मला विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा काही विचारलं गेलं होतं. माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. मी इंजिन चालूच ठेवलं, पिवळ्या मुठींवर हात ठेवून बसून राहिले, आणि त्यांना पावसात तसंच उभं राहू दिलं.

"फोडू काय वं?"

"थांबा," मी म्हटलं. "विचार करून सांगते."